लाल छत्री, पांढरे ठिपके: फ्लाय अ‍ॅगेरिकला ‘मॅजिक मशरूम’ म्हणू नका

जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर निकाल देताना म्हटलं, की मॅजिक मशरूम ही निसर्गात उगवणारी बुरशी आहे आणि अमली पदार्थ कायद्यातल्या अर्थाने तिला ‘मिश्रण’ मानता येत नाही. त्या बातमीनंतर दोन प्रश्न पुन्हा विचारले जाऊ लागले: मॅजिक मशरूम म्हणजे नेमकं कोणतं, आणि ते नैसर्गिक असेल तर त्यात धोका काय?

मॅजिक मशरूम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते लाल छत्री आणि तिच्यावरचे पांढरे ठिपके. लहान मुलांच्या पुस्तकांत तीच असते, मोबाइलच्या इमोजीतही तीच. पण ही अळंबी वेगळी, तिच्यातली रसायनं वेगळी आणि तिची विषबाधाही वेगळी. तिचं शास्त्रीय नाव अमानिटा मस्कारिया, रूढ नाव फ्लाय अ‍ॅगेरिक. परदेशात तिच्या अर्काच्या गोळ्या आणि चॉकलेटं उघड विकली गेली आहेत, आणि ‘हाच वेदांमधला सोम’ असा दावा करणारे व्हिडिओ आपल्याकडे फिरत असतात. म्हणून तिच्याबद्दल नीट माहिती असलेली बरी.

ती दिसते कशी, उगवते कुठे

कोवळी असताना ती पांढऱ्या अंड्यासारखी जमिनीतून वर येते. सगळी अळंबी एका पांढऱ्या पडद्यात गुंडाळलेली असते. छत्री फुगली की पडदा फाटतो आणि त्याचे तुकडे लाल पृष्ठभागावर चिकटून राहतात. ते पांढरे ठिपके म्हणजे हेच तुकडे. ते रंगाचा भाग नाहीत, त्यामुळे जोराच्या पावसात धुऊन जातात. लाल रंगही पावसाने आणि उन्हाने फिका पडून नारिंगी होतो. ‘ठिपके नाहीत, म्हणजे ती नव्हे’ हा निष्कर्ष इथेच फसतो.

पूर्ण उमललेली छत्री साधारण ८ ते २० सेंटिमीटर रुंद असते. खालच्या पातळ पट्ट्या, म्हणजे कल्ले, पांढरे असतात. दांडाही पांढरा, वरच्या बाजूला झालरीसारखं कडं, आणि बुडाशी फुगीर गड्डा. गड्ड्यावर खवल्यांची एकाखाली एक वर्तुळं दिसतात. हा गड्डा मातीत असतो. अळंबी वरून खुडली की तो जमिनीतच राहतो आणि ओळखीची सगळ्यात महत्त्वाची खूण हातची जाते. अमानिटा कुळातल्या कुठल्याही अळंबीबद्दल हेच खरं आहे, आणि जगातल्या सर्वांत जीवघेण्या अळंब्या याच कुळात आहेत.

फ्लाय अ‍ॅगेरिक एकटी जगत नाही. बर्च, पाइन, स्प्रूस अशा झाडांच्या मुळांशी तिच्या तंतूंची भागीदारी असते. ती झाडाला पाणी आणि खनिजं पुरवते, झाड तिला साखर देतं. म्हणून ती उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांची. सह्याद्रीच्या मूळ जंगलात ही झाडंच नाहीत, त्यामुळे कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर जी अळंबी लोक हौसेने गोळा करतात तिचा हिच्याशी काही संबंध नाही. पण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ती पाइनच्या रोपांबरोबर पोहोचली आणि तिथे रुळली. मेलबर्न, ऑकलंडकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ती एप्रिल-मेच्या सुमाराला पाइनखाली अगदी सहज दिसू शकते, युरोपात राहणाऱ्यांना सप्टेंबर-ऑक्टोबरात. लहान मुलं तिच्याकडे धावतात, कारण पुस्तकात पाहिलेली असते. नुसता हात लागल्याने विष चढत नाही. हात धुवावेत, तोंडात मात्र जाऊ देऊ नये.

मग मॅजिक मशरूम कोणतं?

ते नाव सायलोसायबी कुळातल्या, तपकिरी, दिसायला अगदी साध्या अळंब्यांचं. त्यांच्यात सायलोसायबिन असतं. ते शरीरात सायलोसिन बनतं आणि मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या जागा पकडतं. नैराश्यावर उपयोग होतो का, हे तपासणाऱ्या ज्या चाचण्यांच्या बातम्या येतात त्या याच रसायनाच्या. फ्लाय अ‍ॅगेरिकमध्ये सायलोसायबिन नसतं. तेव्हा त्या चाचण्यांचे निष्कर्ष लाल छत्रीच्या जाहिरातीत वापरणं ही ग्राहकाची सरळ फसवणूक आहे.

दोन रसायनं, दोन उलट्या दिशा

फ्लाय अ‍ॅगेरिकमध्ये मुख्य रसायनं दोन: आयबोटेनिक आम्ल आणि मस्किमॉल.

मेंदूच्या पेशी एकमेकींशी रासायनिक निरोपांनी बोलतात. ग्लुटामेट हा ‘चल, पेटून ऊठ’ सांगणारा मुख्य निरोप्या, आणि गाबा हा ‘थांब, शांत हो’ सांगणारा. बैलगाडी हाकणाऱ्याच्या एका हातात आसूड आणि दुसऱ्या हातात कासरा असतो, तसे हे दोन. आयबोटेनिक आम्लाची रचना ग्लुटामेटशी जुळते, म्हणून ते आसूड ओढतं. मस्किमॉलची रचना गाबाशी जुळते, म्हणून ते कासरा खेचतं. अळंबी खाल्लेल्या माणसाच्या मेंदूत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात.

म्हणूनच या विषबाधेचं चित्र विचित्र असतं. माणूस एका क्षणी बडबडतो, हातपाय झटकतो, उठून धावायला बघतो, आणि थोड्या वेळाने हलवूनही जागा होत नाही. पुन्हा उठतो, पुन्हा कोसळतो. असा चढउतार दिसला की अनुभवी डॉक्टरांना या अळंबीची शंका येते.

आयबोटेनिक आम्लाबद्दल आणखी एक गोष्ट. प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूतला ठरावीक भाग कायमचा निकामी करायचा असेल तर संशोधक तिथे हे आम्ल सुईने सोडतात. पेशी इतक्या उत्तेजित होतात की मरतात. अळंबी खाल्ल्यावर माणसाच्या मेंदूत तसंच होतं, असा याचा अर्थ नाही. पण ‘निसर्गातली सौम्य वस्तू’ हे वर्णन या रसायनाला शोभत नाही.

मोजमाप का जमत नाही

आयबोटेनिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की उरतं ते मस्किमॉल. अळंबी वाळताना किंवा तापताना हा बदल होतो, पण कधीच पूर्ण होत नाही. किती होईल ते तापमान, वेळ, ओलावा आणि आम्लता यांवर ठरतं. मस्किमॉल वजनाला वजन कितीतरी अधिक तीव्र असल्याने, एकाच टोपलीतल्या एकाच वजनाच्या दोन अळंब्यांचा परिणाम वाळवण्याच्या फरकाने वेगळा होऊ शकतो. त्यात झाड, माती, ऋतू आणि अळंबीचं वय यांनुसार मूळ प्रमाणही बदलतं. एकाच अळंबीत छत्रीतलं प्रमाण दांड्यापेक्षा जास्त असतं.

तेव्हा ‘इतके ग्रॅम घेतले तर इतका परिणाम’ हा सल्ला कुणी दिला, तर त्याला रसायन कळलेलं नाही असं समजावं. औषधाच्या गोळीवर मिलिग्रॅम लिहिता येतात, कारण आत काय आहे ते कारखान्यात मोजलेलं असतं. इथे ते न मोजताच खाल्लं जातं.

शरीरात काय होतं

लक्षणं साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांत सुरू होतात. मळमळ, गरगरणं, तोल जाणं, जीभ जड होणं. मग स्नायू आपोआप उडू लागतात. वस्तू खूप मोठ्या किंवा खूप लहान दिसतात, आवाज विकृत ऐकू येतात, वेळेचं भान सुटतं. त्यानंतर येते ती स्वप्नांनी भरलेली, बेशुद्धीसारखी गाढ झोप. बहुतेक लोक २४ तासांच्या आत सावरतात आणि मधल्या काळातलं त्यांना बरंचसं आठवत नाही. लहान मुलांना झटके येण्याची भीती जास्त असते.

मृत्यू क्वचित होतो, हे खरं आहे. पण तेवढंच ऐकून निर्धास्त होणारे लोक मृत्यू कसा होतो हे विचारत नाहीत. बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत जाते. माणूस भ्रमात रस्त्यावर, पाण्यात किंवा थंडीत बाहेर जातो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या आधीच घेतलेल्या असतील तर कासरा दोन्हीकडून ओढला जातो आणि श्वास मंदावतो.

‘मस्करीन’चा गोंधळ आणि अ‍ॅट्रोपिन

१८६९ मध्ये याच अळंबीतून मस्करीन नावाचं रसायन वेगळं करण्यात आलं. वैद्यकाचे विद्यार्थी ‘मस्करिनिक’ हा शब्द आजही घोकतात, तो इथून आला. मस्करीनने घाम, लाळ, अश्रू वाहतात, नाडी मंदावते, आणि त्यावर उतारा अ‍ॅट्रोपिन. आपल्या ग्रामीण रुग्णालयांत अ‍ॅट्रोपिन चांगलंच परिचयाचं आहे, कारण कीटकनाशकाच्या विषबाधेत तेच वापरतात.

अडचण अशी की फ्लाय अ‍ॅगेरिकमध्ये मस्करीन नाममात्र असतं. तिचा सगळा खेळ मस्किमॉल आणि आयबोटेनिक आम्लाचा. नावावरून अ‍ॅट्रोपिन टोचलं तर रुग्णाचा भ्रम आणि अस्वस्थता वाढू शकते. जुन्या पुस्तकांतून आलेली ही चूक बराच काळ टिकली. खऱ्या मस्करीनच्या विषबाधा इनोसायबी आणि क्लिटोसायबी कुळांतल्या काही अळंब्यांनी होतात. आजचा उपचार लक्षणांप्रमाणे चालतो: श्वास सांभाळणं, झटके आले तर ते थांबवणारी औषधं, आणि सतत लक्ष. नेमका उतारा उपलब्ध नाही.

‘सायबेरियात तर शतकानुशतकं खातात’

हो, खात होते. रशियाच्या पूर्व टोकाचा कामचटका आणि आसपासच्या कोर्याक लोकांमध्ये हिचा वापर होता आणि १८ व्या शतकातल्या प्रवाशांनी तो नोंदवला. स्वीडनचा युद्धकैदी अधिकारी फॉन स्ट्रालेनबर्ग याने १७३० च्या पुस्तकात लिहिलं, की ऐपतदार लोक अळंबी खात आणि गरीब लोक बाहेर भांडी घेऊन थांबत, त्यांची लघवी गोळा करून पिण्यासाठी. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण रसायन बरोबर आहे: मस्किमॉलचा मोठा भाग मूत्रातून तसाच बाहेर पडतो.

या उदाहरणातून सुरक्षितता सिद्ध होत नाही. तिथे अळंबी ओळखणारे, वाळवणारे आणि खाणाऱ्याजवळ बसून राहणारे लोक पिढ्यानपिढ्या तेच करत होते. जंगल एक, झाड एक, पद्धत एक. पाकिटातून मागवणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं.

जपानच्या नागानो भागात काही ठिकाणी ती उकळून, पाणी टाकून देऊन आणि मिठात मुरवून खाल्ली जाते, असाही दाखला दिला जातो. ही रसायनं पाण्यात विरघळतात, त्यामुळे बरीचशी निघून जातात. ‘बरीचशी’ आणि ‘सगळी’ यांत फरक आहे, आणि हा प्रयोग घरी करू नये.

हाच सोम का?

१९६८ मध्ये रॉबर्ट गॉर्डन वॅसन या अमेरिकन बँकरने आणि अळंब्यांच्या अभ्यासकाने मोठा ग्रंथ लिहून मांडलं, की ऋग्वेदातला सोम म्हणजे फ्लाय अ‍ॅगेरिक. संस्कृतच्या अभ्यासक वेंडी डोनिगर यांनी त्यात वेदोत्तर काळातल्या सोमचर्चेचं प्रकरण लिहिलं. दावा उथळ नव्हता, म्हणून तो नीट तपासायला हवा.

वॅसनचे मुद्दे असे. सोमाच्या वर्णनात मुळं, पानं, फुलं, बिया येत नाहीत. तो पर्वतावर होतो. त्याचा रंग तेजस्वी, सूर्यासारखा. आणि नवव्या मंडलातल्या ७४ व्या सूक्ताच्या चौथ्या ऋचेत ‘मेहन्ति’ असं क्रियापद आहे, ज्याचा अर्थ लघवी करणं. वॅसनने ते सायबेरियातल्या प्रथेशी जोडलं.

पण त्या क्रियापदाचा अर्थ पाऊस पाडणं असाही घेता येतो, आणि वेदात मेघ, पाऊस आणि सोम यांची सांगड जागोजाग आहे. शिवाय श्रौत कर्मात, म्हणजे वैदिक यज्ञविधीत, सोमाचे देठ विकत घेतात (त्या विधीलाच सोमक्रय म्हणतात), पाण्याने टवटवीत करतात, दगडांनी कुटतात, लोकरीच्या गाळणीतून गाळतात, दुधात मिसळतात. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन सवनं, म्हणजे रस काढण्याच्या वेळा. कुटून रस काढावा लागतो तो चिवट, तंतुमय देठाचा. वेदातला ‘अंशु’ हा शब्द त्याच देठासाठी येतो. संस्कृतज्ञ जॉन ब्रफ यांनी १९७१ मध्ये वॅसनच्या मांडणीवर सविस्तर आक्षेप घेतले.

सगळ्यात बोलका पुरावा आठव्या मंडलातल्या ४८ व्या सूक्तात आहे. सोम प्यायल्याचा आनंद गाणारं हे प्रसिद्ध सूक्त. त्याच्या चौदाव्या ऋचेत देवांना विनवलं आहे: आमच्यावर निद्रेची सत्ता चालू देऊ नका, बडबडीचीही नको. फ्लाय अ‍ॅगेरिक नेमक्या याच दोन गोष्टी माणसावर लादते. सोमाचे कवी जागे, तल्लख, युद्धाला सज्ज असतात. म्हणूनच इफेड्रा या उत्तेजक झुडपाचं नाव जास्त गांभीर्याने घेतलं जातं. पारशी धर्मविधीत हओम म्हणून त्याच्याच काड्या वापरतात, मुंबईतही. महाराष्ट्रात आज सोमयाग होतो तेव्हा पानं नसलेली, चीक असलेली सोमवल्ली ही वेल वापरली जाते, तो पर्याय आहे. मूळ वनस्पती कोणती हे ठरलेलं नाही. ‘विज्ञानाने सिद्ध झालं, सोम म्हणजे हीच अळंबी’ असं ठासून सांगणाऱ्या व्हिडिओला काही आधार नाही.

गोळ्या आणि चॉकलेटं

अमेरिकेत बहुतेक राज्यांत ही अळंबी बंदीच्या यादीत नाही, लुइझियाना ठळक अपवाद. त्या फटीतून ‘झोप लागेल, ताण जाईल’ अशा नावाखाली पाकिटं आली. २०२४ मध्ये एका कंपनीची चॉकलेटं आणि गोळ्या खाऊन वेगवेगळ्या राज्यांतले लोक आजारी पडले, अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं आणि माल परत मागवला गेला. तपासणीत मस्किमॉलशिवाय पाकिटावर न लिहिलेली इतर रसायनंही मिळाली. त्याच वर्षी व्हर्जिनियात फ्लाय अ‍ॅगेरिकच्या नावाने विकलेल्या काही गोळ्यांत न सांगितलेलं सायलोसायबिन निघालं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट केलं, की ही अळंबी, तिचा अर्क, मस्किमॉल किंवा आयबोटेनिक आम्ल खाद्यपदार्थात घालायला मान्यता नाही.

‘पण मस्किमॉलने झोप लागते ना?’ हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. डेन्मार्कच्या रसायनशास्त्रज्ञांनी मस्किमॉलच्या रचनेवरून गॅबोक्सॅडॉल नावाचं औषध बनवलं होतं, निद्रानाशासाठी. ते शुद्ध होतं, मोजलेलं होतं, शेकडो लोकांवर तपासलेलं होतं. तरी मोठ्या चाचण्यांतल्या परिणामकारकतेच्या आणि दुष्परिणामांच्या निकालांनंतर २००७ मध्ये कंपन्यांनी त्याचा नाद सोडला. सुधारलेलं, मोजलेलं रूप जिथे टिकलं नाही तिथे मूळ अळंबीचा न मोजलेला अर्क झोपेसाठी घेण्यात शहाणपण दिसत नाही.

कायद्यात बसतं म्हणजे चालतं का?

मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या करारात सायलोसायबिन आहे, मस्किमॉल नाही. नेदरलँड्सने २००८ मध्ये फ्लाय अ‍ॅगेरिकही बंदीच्या यादीत घातली. ऑस्ट्रेलियात मस्किमॉल प्रतिबंधित पदार्थांत मोडतं, तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनी परदेशातून पाकीट मागवण्याआधी एवढं लक्षात घ्यावं. केरळच्या निकालाचा अर्थही तेवढाच: अळंबीचं सगळं वजन अमली पदार्थाचं वजन म्हणून धरता येईल का, हा मुद्दा जामिनाच्या टप्प्यावर होता. अळंबी खायला परवानगी मिळाली, असा तो निकाल नाही.

चुकीची अळंबी हाती लागली तर

फ्लाय अ‍ॅगेरिक शोधायला निघालेल्यांचा सगळ्यात मोठा धोका तिच्या नातलगांकडून आहे. पँथर कॅप ही तपकिरी अमानिटा तीच दोन रसायनं अधिक तीव्र प्रमाणात बाळगते. डेथ कॅप आणि तिच्यासारख्या पांढऱ्या अमानिटांत अ‍ॅमाटॉक्सिन असतं, जे यकृताच्या पेशी मारतं. पांढऱ्या अंड्याच्या अवस्थेत या सगळ्या एकमेकींसारख्या दिसतात. अ‍ॅमाटॉक्सिन शिजवून, वाळवून किंवा उकळून जात नाही. चांदीचं नाणं काळं पडणं, लसूण रंग बदलणं, गोगलगायींनी कुरतडलेली अळंबी सुरक्षित असणं, या चाचण्यांना काही अर्थ नाही. गोगलगाई फ्लाय अ‍ॅगेरिकही खातात. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन काही दिवसांत १३ जण दगावले. ते नशेसाठी गेले नव्हते, घरी भाजी करायची होती.

वेळ हा इथे सर्वांत उपयोगी संकेत. खाल्ल्यावर दोन तासांच्या आत झिंग, भ्रम, झटके: बहुधा मस्किमॉल. सहा तासांनंतर किंवा त्याहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर अ‍ॅमाटॉक्सिनची शंका धरून तडक मोठ्या रुग्णालयात जायचं. या विषबाधेत मध्ये एक दिवस रुग्णाला बरं वाटतं. त्याच काळात यकृत निकामी होत असतं, म्हणून ‘आता बरं आहे’ म्हणून घरी थांबू नये. आणि लवकर लक्षणं आली म्हणून अ‍ॅमाटॉक्सिन नाहीच असंही नाही, कारण ताटात दोन जातींची अळंबी मिसळलेली असू शकते.

कुणी खाल्लीच असेल तर उलटी करवू नका. माणूस गुंगीत असेल तर त्याला डाव्या कुशीवर झोपवा, तोंड खालच्या बाजूला राहील असं, आणि एकट्याला सोडू नका. मीठ-पाणी, दूध, लिंबू काहीही पाजू नका. महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर डॉक्टरांना आणि घरच्यांनाही सल्ला देतं. उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, सोबत न्या. कच्ची अळंबी कागदात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत ती लवकर सडते आणि ओळखता येत नाही. जिथून तोडली तिथे बुडाचा गड्डा अजून मातीत असेल तर तो खणून काढा आणि आसपासच्या झाडाचा फोटो घ्या. कागदावर चार गोष्टी लिहून ठेवा: किती वाजता खाल्ली, पहिलं लक्षण किती वाजता आलं, सोबत दारू किंवा कोणती गोळी घेतली होती का, आणि तीच भाजी आणखी कुणी खाल्ली. त्या शेवटच्या यादीतल्या प्रत्येकाला, काही होत नसलं तरी, त्याच वेळी रुग्णालयात घेऊन जा.